आदिवासी विद्यार्थ्यांचं समुपदेशन : कॉलेजात हे काम नीट कसं उभं करावं

धडगाव, मोलगी, सुरगाणा, जव्हार, धारणी, एटापल्ली, भामरागड. या गावांतून आणि त्यांच्या आसपासच्या पाड्यांतून दरवर्षी जून-जुलैत मुलं-मुली पुणे, नाशिक, मुंबई, नागपूरच्या कॉलेजांत दाखल होतात. बरीचशी आश्रमशाळेत शिकलेली असतात आणि अनेक जण घरातले पहिलेच पदवीला आलेले असतात. त्यांच्यासाठी कॉलेजात समुपदेशनाचं काम उभं करायचं असेल तर काय काय करावं लागतं, ते इथे क्रमाने मांडतो आहे. समुपदेशक, प्राध्यापक, एनएसएसचे कार्यक्रम अधिकारी आणि शासकीय आदिवासी वसतिगृहांचे गृहपाल यांना ते उपयोगी पडावं.

माझं म्हणणं आधीच सांगतो. या मुलांच्या त्रासाचा मोठा भाग मनाबाहेरच्या गोष्टींतून येतो: अडकलेली शिष्यवृत्ती, न मिळालेली व्हॅलिडिटी (जमातीचा दाखला खरा असल्याचं तपासणी समितीचं प्रमाणपत्र), वर्गात ऐकावा लागलेला टोमणा. या गोष्टींना हात न लावता नुसतं ‘सकारात्मक विचार कर’ म्हटलं, तर मुलगा दुसऱ्यांदा येत नाही. उलट ‘परिस्थितीच तशी आहे, होणारच त्रास’ म्हणून सोडून दिलं, तर खरं नैराश्य नजरेतून निसटतं. म्हणून कागदाचं काम आणि मनाचं काम एकाच टेबलावर झालं पाहिजे.

आधी प्राचार्यांकडे जा

जागा, वेळ आणि अधिकार यांशिवाय हे काम दोन महिन्यांत बंद पडतं. प्राचार्यांशी बोलताना कायद्याचा आधार सोबत ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असं त्यात म्हटलं आहे. शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचं आहे. अनुसूचित जमातींसह वंचित गटांतल्या विद्यार्थ्यांशी भेदभाव न करता, संवेदनशीलतेने कसं वागावं हेही कर्मचाऱ्यांना शिकवायचं आहे. म्हणजे तुम्ही कुणाकडे मेहेरबानी मागत नाही.

याच भेटीत एक मागणी ठेवा: कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागातला एक क्लार्क तुमच्याशी जोडून द्या. पुढे त्याची गरज समुपदेशनाच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त पडते.

तुमच्याकडे नेमकं कोण येणार आहे

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे १ कोटी ५ लाख होती, म्हणजे राज्याच्या साधारण ९.४ टक्के. भिल्ल, पावरा, कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकूर, आंध, कोरकू, गोंड, माडिया, कोलाम, कातकरी हे सगळे त्यात येतात. त्यांच्या बोली वेगळ्या, दैवतं वेगळी, शहराशी आलेला संबंधही कमीजास्त. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड यांना केंद्र सरकारने विशेष असुरक्षित आदिवासी गटांत धरलं आहे. जुन्नर-आंबेगावच्या महादेव कोळी मुलीला पुणे फार परकं नसतं. भामरागडहून आलेल्या माडिया मुलासाठी मराठी हीच दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी. दोघांना एकाच साच्यातून पाहू नका.

प्रवेश संपले की शिष्यवृत्ती विभागाकडून फक्त संख्या घ्या: कोणत्या जिल्ह्यातले किती, वसतिगृहात किती, खोली करून राहणारे किती. नावांची यादी मागू नका आणि ती कुठे लावू तर अजिबात नका. वर्गात उभं राहून ‘एसटीवाल्यांनी ऑफिसात जा’ असं ओरडून सांगायची पद्धत काही ठिकाणी आजही दिसते. ती पहिल्याच महिन्यात थांबवा. सूचना सगळ्यांच्या मोबाईलवर एकसारखी जाऊ दे.

सोबत एक साधी दिनदर्शिका करा. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा मुलांसाठी होळी हा वर्षातला सगळ्यात मोठा सण. काठीची राजवाडी होळी आणि त्याआधीचे भोंगऱ्या बाजार सोडून मार्चमध्ये वर्गात बसणं त्यांना फार जड जातं. कोकणा घरांत डोंगऱ्यादेवाचा उत्सव मार्गशीर्षाच्या सुमारास येतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं आणि मे महिन्यात तेंदूपत्ता, म्हणजे ऐन परीक्षेच्या दिवसांत घरी कमावत्या हातांची गरज असते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो आणि इकडे वसतिगृहातला मुलगा दिवस दिवस फोन लावत बसतो. त्या आठवड्यात त्याचं वर्गात लक्ष नसेल तर कारण उघड आहे. हे माहीत असलं की ‘गैरहजर’ शिक्का मारण्याआधी तुम्ही एक प्रश्न विचाराल.

जागा आणि वेळ

‘मानसिक आरोग्य कक्ष’ अशी पाटी लावून बसलात तर कुणी येणार नाही. ‘विद्यार्थी मदत केंद्र’ पुरे. फॉर्म भरायला, बस पासचं विचारायला, भाड्याच्या खोलीचं बोलायलाही मुलं तिथे येऊ देत. दारात कोण कशासाठी उभं आहे हे कुणाला कळता कामा नये.

आठवड्यातून एक संध्याकाळ वसतिगृहात जा. गृहपालांना विश्वासात घ्या, पण त्यांच्या कार्यालयात बसून बोलू नका. वसतिगृहातली हजेरी, जेवण, शिस्त हे सगळं त्यांच्या हातात असतं, त्यामुळे तिथे मुलं तोंड उघडत नाहीत. अभ्यासिका, गच्ची, आवार, कुठेही चालेल. मुलींच्या वसतिगृहात शक्यतो समुपदेशक बाईच असावी.

पहिली भेट

पहिल्या भेटीत फॉर्म नको. ज्या मुलाने दाखल्यांसाठी तहसीलच्या चकरा मारल्या आहेत, त्याच्यापुढे आणखी एक कागद सरकवला की तो तुम्हालाही ऑफिसच समजतो. पीएचक्यू-९ ही नैराश्याची नऊ प्रश्नांची चाचणी मराठीत उपलब्ध आहे आणि ती उपयोगीही आहे. पण ती दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, बोलता बोलता, तोंडी घ्या.

सुरुवात गावापासून करा. गाव कुठलं, तिथून इथे यायला किती गाड्या बदलाव्या लागतात, घरी कोण कोण आहे, पेरणी झाली का. ‘तू कुठल्या कास्टचा?’ हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायची काहीच गरज नसते. नाच, पेहराव, देवदेव याबद्दलचं स्वतःचं कुतूहलही बाजूला ठेवा. शहरात आल्यापासून त्याला हेच प्रश्न सगळ्यांनी विचारलेले असतात.

गोपनीयतेबद्दल स्पष्ट सांगा, तेही साध्या शब्दांत: ‘तू इथे जे बोलशील ते मी गृहपाल सरांना, तुझ्या वर्गशिक्षकांना किंवा घरी सांगणार नाही. तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तरच मी आणखी एकाची मदत घेईन, आणि तेही आधी तुला सांगून.’ मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नेही उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. मुलाला कायद्याचं कलम ऐकायचं नसतं. तुम्ही ते पाळताय का एवढंच तो बघत असतो.

मग थांबा. यातली बरीच मुलं अनोळखी माणसासमोर कमी बोलतात. तो अबोलपणा म्हणजे विरोध नव्हे, आणि काही लपवलं जातंय असंही नव्हे. प्रश्नामागून प्रश्न विचारून तो भरून काढू नका. बोलणं फार अडलं तर सोबत चहाच्या टपरीपर्यंत चालत जा. समोरासमोर खुर्च्यांवर बसण्यापेक्षा शेजारून चालताना जीभ सैल होते. त्याला स्वतःच्या बोलीत बोलायचं असेल तर बोलू द्या. त्याच भागातली एखादी वरच्या वर्गातली ताई किंवा दादा मध्यस्थ म्हणून चालेल का, हे आधी त्यालाच विचारा. कारण तो दादा त्याच्याच पाड्यावरचा निघाला तर गोष्ट आठवड्यात घरी पोचते.

त्रास कसा सांगितला जातो, तिकडेही कान द्या. ‘मला नैराश्य आलंय’ असं फार कमी जण म्हणतात. ‘इथं करमत नाही’, ‘डोकं जड होतं’, ‘छातीत धडधडतं’, ‘अन्न गोड लागत नाही’, ‘पुस्तक उघडलं की काही दिसतच नाही’ असं ऐकू येतं. अशा वेळी विचारायचं: हे कधीपासून? रोज की अधूनमधून? झोप किती लागते? जेवण होतं का? ज्यात आधी मजा यायची, क्रिकेट, गाणी, मित्र, त्यात आता मन लागतं का? दोन आठवड्यांहून जास्त काळ, बहुतेक दिवस, हे असंच चालू असेल तर डॉक्टरांचा सल्ला लागणार, हे मनात नोंदवून ठेवा.

‘तू’ आणि ‘तुम्ही’बद्दलही थोडं सांगायला हवं. अनेक आदिवासी बोलींत मोठ्या माणसालाही एकेरीच हाक मारतात. मुलगा तुम्हाला ‘तू’ म्हणून गेला तर तो उद्धटपणा नाही. पण त्याचे वडील भेटायला आले तर त्यांना ‘तुम्ही’च म्हणा आणि खुर्ची पुढे करा. शहरातल्या कार्यालयांत धोतर-पटका घातलेल्या म्हाताऱ्या माणसाला ‘ए, तू इकडे ये’ म्हटलेलं मुलाने लहानपणापासून पाहिलेलं असतं. तुम्ही वडिलांशी कसं बोलता यावर त्याचा तुमच्यावरचा विश्वास ठरतो.

शरीराची तक्रार आधी शरीराची समजा

सततचा थकवा, अंगात कळा, सांधे दुखणं, वर्गात झोप येणं: हे नैराश्यही असू शकतं, रक्तक्षयही असू शकतो आणि सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही. नंदुरबार आणि गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांतल्या आदिवासी समाजांत सिकलसेल मोठ्या प्रमाणात आढळतो. त्याची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. मुलाकडे सिकलसेलचं कार्ड आहे का, तो नुसता वाहक आहे की रुग्ण, हे विचारा. दुखण्याचा झटका आलेल्या मुलीला ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणून परत पाठवणं धोक्याचं आहे. तिला लगेच डॉक्टरकडे न्यायला हवं.

आणखी एक विचारा, आणि सरळ विचारा: आज किती वेळा जेवलास? खोली करून राहणारी मुलं महिनाअखेरीस एका जेवणावर असतात आणि ते कुणाला सांगत नाहीत.

कागद आणि पैसा

आता सगळ्यात मोठं काम. इथे वेळ द्या.

एखादी मुलगी सांगते की अभ्यासात लक्ष लागत नाही, रात्री झोप येत नाही. तिसऱ्या भेटीत कळतं की महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवरचा तिचा अर्ज कॉलेज लॉगिनला, म्हणजे कॉलेजने पुढे पाठवायचा म्हणून, पडून आहे, घरमालक भाडं मागतोय आणि वडिलांनी मुकादमाकडून उचल घेतली आहे. तिच्या झोपेचा प्रश्न त्या लॉगिनपाशी अडला आहे. श्वासाचे व्यायाम शिकवा, जरूर शिकवा. पण त्याच दिवशी क्लार्कला सोबत घेऊन अर्ज पुढे सरकवा.

कामाचा क्रम असा ठेवा. मुलासोबत बसून त्याच्या एकेका कागदाची स्थिती लिहून काढा: जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, व्हॅलिडिटी, आधारशी जोडलेलं बँक खातं, शिष्यवृत्तीचा अर्ज, वसतिगृहाचा अर्ज. प्रत्येकापुढे तीन गोष्टी हव्यात: कुठे अडलंय, कुणाच्या हातात आहे, पुढची तारीख कोणती. मनात गरगरणारी धास्ती कागदावर सहा ओळींत उतरली की निम्मी भीती तिथेच आटोक्यात येते. बँक खातं आधारशी जोडलेलं नसल्यामुळे पैसे परत गेले, हे वारंवार दिसणारं कारण आहे, ते सगळ्यात आधी तपासा.

वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. त्यात राहण्या-जेवण्याचे पैसे थेट खात्यात येतात. वसतिगृहांत मेस बंद करून जेवणाचे पैसे खात्यात देण्याच्या निर्णयाविरुद्ध २०१८ साली आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले होते. पैसे उशिरा आले तर ताटात काय वाढायचं, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो आजही रास्त आहे. हप्ता थकला असेल तर एकट्या विद्यार्थ्याने फोन करण्यापेक्षा कॉलेजच्या पत्रावर, प्राचार्यांच्या सहीने, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला लिहा. तिथून हललं नाही तर अपर आयुक्त; त्यांची कार्यालयं नाशिक, ठाणे, अमरावती आणि नागपूरला आहेत. आयुक्तालय नाशिकला.

व्हॅलिडिटीची टांगती तलवार वेगळी. इंजिनिअरिंग, मेडिकलसारख्या प्रवेशात प्रमाणपत्र मुदतीत आलं नाही तर प्रवेशच जाईल, ही भीती मुलांना आतून पोखरते. शिवाय आपण आदिवासी आहोत हे आजोबा-पणजोबांच्या जुन्या नोंदींवरून सिद्ध करत बसण्यात एक अपमानही असतो, तो बोलून दाखवायला जागा द्या. व्यवहारात दोन गोष्टी उपयोगी पडतात. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाला व्हॅलिडिटी मिळाली असेल तर ती प्रत मिळवा. आणि समितीकडे दाखल केलेल्या अर्जाची पोच कॉलेजात जमा करा. कॉलेजने समितीला पत्र दिलं तर मुलाला आपण एकटे नाही एवढं तरी वाटतं.

हे समाजकार्य झालं, समुपदेशन नव्हे, असं कुणी म्हणेल. मला हा भेद या कामात निरुपयोगी वाटतो.

अपमान झाला असेल तर

‘कोट्यातून आलायस’, ‘फुकट शिकताय’, उच्चारांवरून हसणं, प्रॅक्टिकलच्या गटात न घेणं, खोलीत सोबत राहायला नकार देणं. हे सांगताना मुलं बहुतेक वेळा स्वतःच त्याला किरकोळ ठरवतात. तुम्ही ठरवू नका. ‘त्यांचा तसा हेतू नसेल’ हे वाक्य तुमच्या तोंडून येता कामा नये. आधी म्हणा की हे चुकीचं झालं आणि त्यात तुझा दोष नाही. मग काय घडलं, कधी, कुणासमोर, हे तारखेसह लिहायला मदत करा. मोबाईलवरचे मेसेज जपून ठेवायला सांगा.

पुढची वाट मुलाने निवडायची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१२ च्या समानताविषयक विनियमांनुसार संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी हवा; तुमच्या कॉलेजात तो कोण आहे हे आजच शोधून ठेवा. रॅगिंग असेल तर २००९ चे विनियम लागू होतात आणि राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ वर तक्रार करता येते. चारचौघांत जातीवरून हेतुपुरस्सर अपमान केला असेल तर १९८९ चा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. तिन्ही वाटांचे फायदे-तोटे सांगा. तक्रार करायचा आग्रह धरू नका, आणि कॉलेजचं नाव खराब होईल म्हणून रोखू तर मुळीच नका.

मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या, आदिवासी तडवी भिल्ल समाजातल्या डॉ. पायल तडवी यांचा २२ मे २०१९ रोजी मृत्यू झाला. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप कुटुंबाने केला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. त्याच वर्षी त्यांच्या आई आबेदा तडवी आणि हैदराबाद विद्यापीठातले, २०१६ साली आत्महत्या केलेले संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला यांच्या आई राधिका वेमुला यांनी २०१२ चे विनियम नीट अमलात यावेत म्हणून सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. दोन आयांना इतक्या दूरवर जावं लागलं. तुमच्या कॉलेजातली तक्रार तुमच्याच टप्प्यावर गांभीर्याने ऐकली गेली पाहिजे.

घर, सण आणि भगत

शिकणाऱ्या मुलावर घराची आशा असते आणि सोबत अपराधी भावनाही: धाकटी बहीण शाळा सोडून कामाला गेली, आई-बाप ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेले आणि मी इथे पंख्याखाली बसलोय. ‘असा विचार करू नकोस’ म्हणून ही भावना जात नाही. घरासाठी आज काय करता येईल असं छोटं, ठरलेलं काम शोधा: दर रविवारी फोन, बहिणीचा फॉर्म भरणं, वडिलांच्या वनहक्क दाव्याचे कागद बघणं. सणाला घरी जायची रजा आधी ठरवून घ्या, हजेरीचं विभागप्रमुखांशी बोला. गावाला जाऊन आलेला मुलगा पुष्कळदा औषधापेक्षा जास्त सावरून येतो.

घरचे भगताकडे, म्हणजे गावातल्या देवऋषीकडे, नेतो म्हणाले तर लढाई मांडू नका. भगताकडे जाणं म्हणजे घर, देव, नातेवाईक सगळे आपल्या पाठीशी उभे राहणं. जाऊ द्या, फक्त दोन अटी ठेवा: डॉक्टरांच्या गोळ्या मध्येच थांबवायच्या नाहीत, आणि मारहाण, चटके, उपाशी ठेवणं असलं काही होऊ द्यायचं नाही. मुलीच्या त्रासाचं खापर गावातल्या एखाद्या बाईवर ‘डाकीण’ म्हणून फुटतंय असं कळलं तर ती बाईही धोक्यात आहे. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, तेव्हा पोलिसांची मदत घ्या.

जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार

शंका आली तर सरळ विचारा: ‘कधी जगणं नको वाटतं का? मरून जावं असा विचार येतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं याचा दिलासा वाटतो. उत्तर हो आलं तर शांतपणे पुढे जा: कसं करायचं हे ठरवलं आहे का, साधन जवळ आहे का, याआधी प्रयत्न केला होता का?

ठरवलेलं असेल तर त्याला एकट्याला सोडू नका. वसतिगृहात, खोलीवर किंवा घरी फवारणीची औषधं, गोळ्या असं काही असेल तर ते दुसऱ्याच्या ताब्यात द्या. त्याचा विश्वास असलेला एक माणूस बोलावून घ्या. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या: जिल्हा रुग्णालय, जवळचं वैद्यकीय महाविद्यालय, नाहीतर ठाणे, पुण्यातलं येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची १४४१६ ही मोफत सेवा चोवीस तास असते, मराठीत बोलता येतं. मुलासोबत बसून तुम्हीच लावून द्या. प्रयत्न केला म्हणून पोलीस पकडतील ही भीती असेल तर सांगा की २०१७ च्या कायद्याने असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरलं जातं, आणि त्याची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य आहे.

तो सावरला की एका कागदावर त्याच्याच शब्दांत लिहून घ्या: वाईट वाटायला लागतंय हे मला कशावरून कळतं, तेव्हा मी काय करतो, कुणाला फोन करतो, ते नाही लागले तर कुणाला. वाचायला जड जात असेल तर मोबाईलवर त्याच्याच आवाजात रेकॉर्ड करा.

एकट्याचं काम नाही

वरच्या वर्गातली तीन-चार मुलं-मुली तयार करा. त्यांनी समुपदेशन करायचं नाही. ओळखायचं, ऐकायचं आणि तुमच्यापर्यंत आणायचं. पहिल्या सहामाहीत महिन्यातून एकदा गट बसवा, विषय साधे ठेवा: इंग्रजीतला तास समजत नाही तेव्हा काय करता, घरी खोटं ‘बरं चाललंय’ कधी सांगता. ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, मुलांना नाचवून फोटो काढण्याऐवजी तो दिवस त्यांनाच आखू द्या.

दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधी समुपदेशन चालू असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याशी बोलून ठेवा: गोळ्या किती दिवसांच्या हव्यात, गावी मोबाईलला रेंज कुठे मिळते, कुणाच्या फोनवर निरोप ठेवता येईल. सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात हजेरी घेऊन बसा. जो आला नाही त्याला फोन, फोन लागला नाही तर त्याच्या गावच्या मित्राला, नाहीतर जवळच्या आश्रमशाळेतल्या मुख्याध्यापकांना. त्रासाबद्दल त्यांना काही सांगायचं नाही, ‘कॉलेज सुरू झालंय, कळवा’ एवढाच निरोप. अॅडमिशन रद्द करण्याचा अर्ज ऑफिसात आला तर तुमची भेट झाल्याशिवाय तो मंजूर होणार नाही, हे प्राचार्यांकडून लेखी घेऊन ठेवा.